आरसी६च्या आठवड्यात हाती आलेली दुरुस्ती

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिघडला तर बूट मेनूतून आधीचा निवडून मशीन पुन्हा उभे करता येते. पण त्या बिघडलेल्या कर्नलने डिस्कवर काही चुकीचे लिहून ठेवले असेल, तर आधीच्या चांगल्या कर्नललाही तेच वाचावे लागते. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या चुकीला परतीची वाट असते, फाइलसिस्टीमच्या (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या कोडच्या) चुकीला बहुतेक वेळा नसते. म्हणून धोक्याची दुरुस्ती केव्हा आत घ्यायची हे ठरवताना आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही दुरुस्तीच चुकली, तर मागे फिरता येईल का?

वेळापत्रक थोडक्यात असे. लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे मर्ज विंडो, त्यात नवे काम आत जाते. ती बंद होते त्या रविवारी आरसी१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, चाचणीसाठीची पूर्वआवृत्ती), मग दर रविवारी एक, बहुधा आरसी७पर्यंत, कधी आरसी८पर्यंत, आणि मग अंतिम आवृत्ती. आरसी१नंतर फक्त दुरुस्त्या घ्यायच्या हे सगळ्यांना पाठ असते. पण पॉइंटर रिकामा आहे का हे बघणारी एक ओळही दुरुस्तीच आणि जर्नल (डिस्कवरच्या बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंदवही) पुन्हा चालवण्याच्या कोडची तीनशे ओळींची फेरमांडणीही दुरुस्तीच. आरसी२-आरसी३पर्यंत दोन्हींना जागा मिळते, कारण चाचणीला पाच आठवडे हातात असतात. आरसी४नंतर पारडे फिरते. आरसी६च्या आठवड्यात असा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) समोर आला की आम्ही काय काय करतो, ते पुढे सांगतो.

पॅच वाचण्याआधी बगचे वय काढायचे. पॅचमधल्या 'फिक्सेस' या ओळीत बग आणणाऱ्या मूळ कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशची, म्हणजे ओळखखुणेची, पहिली बारा अक्षरे असतात. तो कमिट सर्वांत आधी कोणत्या टॅगमध्ये (नाव दिलेल्या आवृत्तीत) आला, हे गिट (कोडचा इतिहास ठेवणारे साधन) लगेच सांगते. बग याच आवृत्तीच्या मर्ज विंडोत शिरला असेल तर अंतिम आवृत्तीआधी काही ना काही करावेच लागते, नाहीतर आजवर ज्यांना त्रास नव्हता त्यांना आपण तो नव्याने देणार. बग पाच वर्षांचा असेल तर लोक पाच वर्षे त्याच्यासह जगले आहेत, आणखी तीन आठवड्यांनी चित्र फारसे बदलत नाही. इथे एक फसगत नेहमी होते. 'फिक्सेस' ओळीत पुष्कळदा कोड एका फाइलमधून दुसरीत हलवणाऱ्या कमिटचे नाव असते, कारण ओळींचा माग काढताना गिट तिथेच थांबते. त्यामुळे ओळीवर न विसंबता, बग दाखवणारा प्रोग्राम त्या कमिटच्या आधीच्या कर्नलवर चालवून बघायचा. तिथेही बग दिसला, तर 'नवा बग' म्हणून केलेली सगळी घाई तिथेच संपते.

याच टप्प्यावर दोष खरोखर फाइलसिस्टीमचा आहे का, हेही पाहून घ्यायचे. २०१८च्या अखेरीस ४.१९ कर्नलवर ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमचा डेटा बिघडतो अशा तक्रारी आल्या आणि सगळ्यांचा रोख ईएक्सटी४कडे गेला. दोष निघाला खालच्या ब्लॉक थरात, डिस्ककडे विनंत्या पाठवणाऱ्या ब्लॉक-एमक्यूमध्ये: विनंत्यांचा क्रम लावणारा शेड्युलर 'नन' (म्हणजे बंद) असताना थेट डिव्हाइसकडे पाठवलेली विनंती 'व्यग्र' म्हणून परत आली की पुढे तिची हाताळणी चुकत होती. दुरुस्ती ४.२०-आरसी६ मध्ये आली आणि ४.१९.८ मध्ये पोहोचली. तेव्हा घाईने ईएक्सटी४मध्ये काही 'सुधारले' असते तर खरा बग तसाच राहिला असता आणि वर एक नवा मिळाला असता. म्हणून तीच चाचणी वेगळ्या शेड्युलरवर, वेगळ्या प्रकारच्या डिव्हाइसवर आणि जमल्यास दुसऱ्या फाइलसिस्टीमवर चालवायची.

मग नुकसानाची जात ठरवायची. ऊप्स (कर्नलच्या आतली चूक उघडी पडणे) किंवा डेडलॉक (लॉकची वाट पाहत कायमचे अडकणे) झाला की काम थांबते, मशीन पुन्हा सुरू करावे लागते, पण जर्नल बहुधा शाबूत असते. मुद्दाम बिघडवलेली इमेज माउंट केल्यावर दिसणारे मेमरीचे बग सिझबॉट या स्वयंचलित बग शोधणाऱ्या यंत्रणेकडून सतत येतात. त्यांतले बहुतेक जुने असतात आणि शांतपणे पुढच्या खेपेत गेले तरी चालतात. सगळ्यांत वाईट जात म्हणजे गुपचूप चुकीचा डेटा: ना संदेश, ना क्रॅश, आणि कळेपर्यंत बॅकअपमध्येही तोच बिघडलेला मजकूर गेलेला. या जातीचा बग नवा असेल तर आरसी६ असो की आरसी८, थांबायचे नाही. २०१९ मध्ये बीटीआरएफएस या फाइलसिस्टीममध्ये असेच झाले. ५.२ मध्ये शिरलेल्या एका चुकीने मेटाडेटाचे (फाइली कुठे, कशा आहेत याच्या नोंदींचे) काही ब्लॉक डिस्कवर न लिहिताच ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण व्हायच्या बदलांचा गट) पूर्ण झाल्याचे धरले जाई, आणि पुढच्या माउंटला त्या नोंदींच्या झाडाची पाने जुळत नसत. दुरुस्ती ५.३च्या अगदी शेवटच्या दिवसांत घेतली गेली आणि लगोलग ५.२.१५ मध्येही आली. असा उशिराचा प्रवेश योग्यच होता, कारण थांबलेल्या प्रत्येक दिवशी कुणाची तरी फाइलसिस्टीम कायमची जात होती.

आता पॅच वाचायचा. ओळी मोजून धोका कळत नाही. स्टेबल शाखांच्या (आधीच्या आवृत्त्यांना फक्त दुरुस्त्या देत राहणाऱ्या शाखांच्या) नियमांत संदर्भासह शंभर ओळींची मर्यादा आहे, आणि ढोबळ चाळणी म्हणून ती बरी आहे. पण आमच्या पाहण्यात सगळ्यांत घातक पॅच चार-पाच ओळींचे असतात आणि ते ठरावीक जागी बसलेले असतात.

पहिली जागा लॉकचा क्रम. एखादी शर्यत (दोन कामांची एकाच वेळी एकाच डेटावर होणारी टक्कर) मिटवण्यासाठी इनोडचे (फाइलच्या नोंदीचे) लॉक थोडे आधी घेतले, एवढाच बदल असतो. लिहिण्याच्या नेहमीच्या वाटेवर काही बिघडत नाही. पण एखादा प्रोग्राम ज्या फाइलमध्ये लिहितो आहे, तिचेच मेमरीत मॅप केलेले पान लिहिण्याच्या मजकुराचा स्रोत म्हणून देतो. मजकूर उचलताना पेज फॉल्ट होतो (पान मेमरीत आणावे लागते), फॉल्टची वाट तेच लॉक मागते आणि प्रोसेस स्वतःचीच वाट पाहत बसते. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारे कर्नलचे साधन) हे पकडतो, पण ती वाट चाचणीत एकदा तरी चालली असेल तरच.

दुसरी जागा ट्रान्झॅक्शनची आधी राखलेली जागा, आणि इथे आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवतो. ईएक्सटी४ काम सुरू करण्याआधी जेबीडी२ या जर्नल सांभाळणाऱ्या कोडकडून क्रेडिट मागते, म्हणजे या कामात जास्तीत जास्त किती मेटाडेटा ब्लॉक बदलतील तो आकडा. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम तसेच लॉगमध्ये बाइट राखून ठेवते. दुरुस्तीने त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आणखी एक काम घातले, समजा इनोड अनाथ यादीत (ज्यांचे काम अर्धवट आहे अशांच्या यादीत) टाकणे, तर सुपरब्लॉक आणि तो इनोड असे जास्तीचे ब्लॉक बदलतात, आणि आकडा वाढवावा लागतो. तो वाढवायचा राहिला तरी रोजच्या वापरात काही दिसत नाही, कारण मागितलेला आकडा नेहमी सर्वांत वाईट परिस्थितीचा असतो. तुटवडा दिसतो तो डिस्क जवळपास भरलेली असताना, फाइलचे हजारो तुकडे झालेले असताना, एक्स्टेंटचे (फाइलच्या सलग तुकड्यांच्या नोंदींचे) झाड खोल गेलेले असताना. म्हणजे नेमका जुन्या, भरलेल्या सर्व्हरवर. तिथे जर्नल अबॉर्ट होते आणि फाइलसिस्टीम फक्त वाचनीय होऊन बसते. पॅच वाचताना बदललेल्या प्रत्येक ट्रान्झॅक्शनचे ब्लॉक कागदावर मोजायचे. दुसरा उपाय आम्हाला माहीत नाही.

मेमरी मागण्याच्या वाटेचाही विचार करायचा. ट्रान्झॅक्शन उघडे असताना साध्या पद्धतीने मेमरी मागितली तर मेमरी मोकळी करणारा कोड परत फाइलसिस्टीममध्येच शिरू शकतो. चूक झाल्यावर बाहेर पडायच्या वाटा तर सगळ्यांत कमी तपासलेल्या असतात. तिथे लॉक सोडायचे राहिले आहे का, राखलेली जागा दोनदा परत केली आहे का, हे ओळ न ओळ बघायचे.

डिस्कवरची मांडणी बदलणारी दुरुस्ती आरसीत घ्यायचीच नाही. बदल फक्त जर्नलच्या नोंदीत असला तरी हेच. माणूस नवा कर्नल चालवतो, वीज जाते, नव्या कर्नलवरचा भरवसा उडालेला असतो म्हणून तो जुना बूट करतो. आता नव्या कर्नलने लिहिलेला अर्धवट लॉग जुन्याला पुन्हा चालवायचा आहे. तो त्याला समजला नाही तर माउंट होणार नाही, आणि चुकीचा समजला तर त्याहून वाईट.

चाचणीसाठी सगळे एफएसटेस्ट्स हा चाचण्यांचा संच वापरतात: टेस्ट आणि स्क्रॅच असे दोन वेगळे डिव्हाइस, आणि 'ऑटो' गट. एकाच कॉन्फिगरेशनवर चालवून उपयोग नाही. ईएक्सटी४साठी निदान ४के आणि १के ब्लॉक, जर्नलशिवाय, डेटा जर्नलिंगसह, एन्क्रिप्शनसह आणि बिगअ‍ॅलॉक (जागा मोठ्या तुकड्यांत देणे) एवढे हवेच. १के ब्लॉक आणि ४के पान ही जोडी फार उपयोगी पडते, कारण एका पानात चार ब्लॉक आल्यावर अर्धवट लिहिलेल्या पानांच्या चुका बाहेर येतात. पॅच लावण्याआधीच्या कर्नलवर तीच फेरी आधी चालवून नापासांची यादी जवळ ठेवायची. ही पायाभूत यादी नसेल तर नंतरचे तीन नापास नवे की जुने, यावरच दोन दिवस जातात. एक फेरी लॉकडेप आणि केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) चालू ठेवून, दुसरी ते बंद ठेवून घ्यायची. ते चालू असताना कर्नल इतका संथ होतो की काही शर्यती घडतच नाहीत.

कधीतरीच दिसणारा बग असेल तर आकडेमोड करायची. वीस फेऱ्यांत एकदा दिसणारा बग दुरुस्ती न लावताही सलग वीस फेऱ्या दिसणार नाही, याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. ती ५ टक्क्यांखाली आणायला सुमारे ६० फेऱ्या लागतात, आणि १ टक्क्याखाली न्यायला सुमारे ९०. 'रात्रभर चालवले, दिसले नाही' असे पॅचसोबत लिहून आले की किती फेऱ्या झाल्या आणि मूळ प्रमाण काय होते, हे आम्ही विचारतोच.

क्रॅशच्या चाचण्यांत एक भ्रम सर्रास आढळतो. आभासी मशीनची प्रोसेस मारून टाकली की वीज गेल्यासारखे झाले, असे वाटते. पण आतल्या मशीनने लिहिलेले बरेच काही बाहेरच्या मशीनच्या मेमरीत सुखरूप असते आणि नंतर डिस्कवर जाते. खऱ्या वीजकपातीत डिव्हाइसच्या कॅशमधला मजकूर जातो आणि लेखनांचा क्रमही उलटसुलट होऊ शकतो. हे तपासायला डीएम-लॉग-राइट्स लागते. ते प्रत्येक लेखन आणि प्रत्येक फ्लश नोंदवून ठेवते. मग एकेका फ्लशपर्यंतचीच लेखने पुन्हा लावून, तिथे वीज गेली असती तर डिस्क कशी दिसली असती ते उभे करता येते, माउंट करून एफएससीके (फाइलसिस्टीम तपासणारा प्रोग्राम) चालवता येते. जेनेरिक/४५५ आणि जेनेरिक/४५७ या चाचण्या याच पद्धतीच्या आहेत. डिव्हाइस मधेच चुका देऊ लागते अशी जेनेरिक/४७५ तर जर्नलला हात लावणाऱ्या कोणत्याही पॅचवर शंभर वेळा तरी फिरवायची. शेवटी हातानेच एक प्रयोग करायचा: नव्या कर्नलवर भरपूर लेखन चालू असताना मशीन तोडायचे आणि जुन्या कर्नलवर तीच डिस्क माउंट करायची.

इतके करूनही निसटते. ५.१२-आरसी१ मध्ये स्वॅप फाइल (मेमरीतली पाने तात्पुरती ठेवायची फाइल) वापरणाऱ्यांच्या फाइलसिस्टीम बिघडत होत्या, कारण स्वॅपचे पान डिस्कवर कुठे लिहायचे हे ठरवताना फाइलची जागा धरलीच जात नव्हती. स्वॅपसाठी वेगळे पार्टिशन असेल तर हिशेब बरोबर येई, आणि चाचणीच्या मशीनवर एकतर स्वॅप पार्टिशन होते किंवा स्वॅपच नव्हते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना त्या टॅगच्या नावातच 'वापरू नका' असे जोडावे लागले. तेव्हापासून चाचणीच्या ताफ्यात एक तरी मशीन स्वॅप फाइलवर ठेवावे, असा आमचा आग्रह असतो.

मग निर्णय. आरसी६ला हातात चार वाटा असतात: पूर्ण दुरुस्ती आत्ताच, दोषी कमिट रिव्हर्ट (मागे घेणे), आत्ता छोटा बांध आणि मूळ काम पुढच्या मर्ज विंडोत, किंवा थांबणे. बग याच खेपेचा असेल तर रिव्हर्ट बहुधा सगळ्यांत स्वस्त, पण त्याच्यावर दुसरे काम उभे राहिले नसेल तरच. मधल्या सहा आठवड्यांत त्यावर चार कमिट बसले असतील तर रिव्हर्टनंतरचा कोड कुणीच कधी चालवलेला नसतो. तोही नवाच कोड, आणि त्याचीही वर सांगितलेली सगळी चाचणी करावी लागते. आमची पसंती बांधाला असते. वेगाची वाट तात्पुरती बंद करून सावकाश पण तपासलेली वाट घ्यायची, किंवा स्थिती विसंगत दिसताच लिहिणे थांबवून फाइलसिस्टीम शटडाउन करायची. शटडाउनने वापरकर्ता चिडेल, पण त्याचा डेटा जागेवर राहील. हा बांध दहा-पंधरा ओळींचा असतो आणि वाचून पटतो.

थांबायचे ठरवले तर तिथेही एक सापळा आहे, आणि अनुभवी माणसेही त्यात अडकतात. पॅच मर्ज विंडोसाठी ठेवला, त्यावर नेहमीची 'सीसी: स्टेबल' ओळ (ही दुरुस्ती स्टेबल शाखांतही घ्या, अशी खूण) लावली आणि आता सात आठवडे चाचणी मिळेल असे मानले. प्रत्यक्षात स्टेबल शाखांत जाण्याची अट एवढीच की पॅच मुख्य शाखेत आलेला असावा. म्हणून आरसी१ झाला की त्या विंडोतल्या खुणा केलेल्या दुरुस्त्यांचा लोंढा स्टेबलकडे वळतो. स्टेबलच्या परीक्षणाला साधारण ४८ तास मिळतात. म्हणजे आरसी६ला धोक्याची वाटली म्हणून थांबवलेली दुरुस्ती, आरसी१ कुणी नीट चालवण्याआधीच जगभरच्या सर्व्हरवर पोहोचू शकते. उपाय नियमांतच दिलेला आहे: 'सीसी: स्टेबल' ओळीच्या शेवटी '# आफ्टर -आरसी३' अशी टीप लिहायची. हिशेब असा पडतो: आज आरसी६, एका आठवड्याने आरसी७, दोन आठवड्यांनी अंतिम आवृत्ती, चार आठवड्यांनी पुढचा आरसी१, सहाव्या आठवड्यात आरसी३ आणि त्यानंतर स्टेबल. पॅच स्टेबलला जाऊच नये असे वाटत असेल तर त्यासाठी 'स्टेबल+नोऑटोसेल' हा वेगळा पत्ता आहे. त्यासोबत कारण लिहावे लागते. ओळ नुसती गाळून भागत नाही, कारण 'फिक्सेस' ओळ बघूनही पॅच उचलले जातात.

बॅकपोर्टमध्ये (नवी दुरुस्ती जुन्या शाखेत नेण्यात) सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे विनातक्रार लागलेला पॅच. २०२३च्या शेवटी ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४च्या थेट लेखनाची (मेमरीतली कॅश टाळून डिस्कवर लिहिण्याची) एक दुरुस्ती घेतली गेली. पॅच लागला, कर्नल बांधला गेला. पण मुख्य शाखेत त्याच्या आधी आयोमॅपमधला (फाइलसिस्टीमना सामाईक असलेल्या कोडमधला) एक बदल झालेला होता, फाइलमधले स्थान पुढे केव्हा सरकवायचे याचा, आणि तो ६.१मध्ये नव्हता. नव्या ईएक्सटी४ कोडकडून किती बाइट लिहिले तो आकडा परत येई. जुना आयोमॅप फक्त शून्य आले तरच स्थान पुढे सरकवी. परिणामी थेट लेखन झाल्यावर स्थान तिथेच राही आणि पुढचे लेखन आधीच्या मजकुरावर बसे. डेबियन या लिनक्स वितरणाने ९ डिसेंबरला १२.३ची इमेज थांबवली आणि दुसऱ्याच दिवशी, ६.१.६६ मधली दुरुस्ती घेऊन, १२.४ काढली. दोन्ही पॅच आपापल्या जागी बरोबर होते, चुकले ते त्यांचे वेगळे होणे. म्हणून पॅचला पूर्वतयारीचा कमिट लागत असेल तर 'सीसी: स्टेबल' ओळीत आवृत्ती आणि त्या कमिटचा हॅश लिहायचा, आणि ज्या शाखेसाठी पाठवतो आहोत तीवर एफएसटेस्ट्स खरोखर चालवायचे. एक्सएफएसच्या लांब पल्ल्याच्या शाखांचे काम असेच चालते: बॅकपोर्ट आपोआप उचलले जात नाहीत, त्या शाखेवर तपासूनच पाठवले जातात.

पण उलट बाजूही आहे. ६.३ मध्ये एक्सएफएसचा मेटाडेटा बिघडत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मुख्य शाखेत आधीच होती. डिस्क भरलेली असताना विलंबित वाटपात (डिस्कवरची जागा उशिरा ठरवण्यात) कर्नल फिरत राहतो, अशा शीर्षकाखाली ती बसली होती. या चुकीने मेटाडेटाही बिघडतो हे तेव्हा उमगले नव्हते, म्हणून तिला स्टेबलची घाई लागली नाही. ती ६.३.५ मध्ये गेली. लक्षण पाहून जात ठरवली की असे होते. 'अडकतो' असे शीर्षक दिसले की अडकण्याऐवजी पुढे गेला असता तर काय लिहिले असते, हे आता मुद्दाम विचारतो.

आरसीच्या काळात दुरुस्तीची नवी साधने घ्यायची का, हाही वाद आहे. ६.१६च्या आरसींमध्ये बीकॅशएफएस या फाइलसिस्टीमसाठी जर्नल मागे नेऊन डेटा वाचवणारा पर्याय पाठवला गेला आणि तो दुरुस्ती की नवी सुविधा यावर मोठा तंटा झाला. ६.१७ मध्ये त्या कोडची देखभाल कर्नलबाहेर असल्याची नोंद झाली आणि ६.१८ मध्ये तो काढला गेला. ज्यांचा डेटा अडकला आहे त्यांना असे साधन आज हवे असते, हे आम्हाला पूर्ण मान्य आहे. तरी ते कर्नलबाहेरच्या एफएससीकेत असावे असे आमचे ठाम मत आहे. त्याला रविवारचे बंधन नसते, ते डिस्कच्या प्रतीवर आधी चालवून पाहता येते आणि ज्यांना गरज नाही त्यांच्या मशीनवर त्यातली एक ओळही चालत नाही.

पॅच आत गेल्यावर कमिटच्या संदेशात दोन गोष्टी आहेत ना, हे शेवटचे बघायचे. बग कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत होता, आणि मधल्या काळात लिहिलेल्या कोणत्या फाइली संशयास्पद धरायच्या: थेट लेखनाच्या, डिस्क भरलेली असतानाच्या, की ठरावीक माउंट पर्यायाच्या. एफएससीके मेटाडेटाची विसंगती दाखवतो, फाइलच्या आतला चुकीचा मजकूर त्याला दिसत नाही. तो शोधण्यासाठी बॅकअप कोणत्या तारखेपासून तपासायचा, हे त्या दोन ओळींवरूनच ठरते.